काट्यावर मूल ठेवतो, आईला कोण विचारतं?

भीमाकाठ
माझी मावसबहीण सोलापुरात विडी कामगारांच्या वस्तीत राहते. मागच्या महिन्यात तिच्याबरोबर अंगणवाडीत गेले होते. मुलगी अकरा महिन्यांची, वजन साडेसहा किलो. ताईंनी आकडा फोनमध्ये भरला, 'हिला नीट खायला घाला हो' म्हणाल्या आणि पुढचं बाळ घेतलं. बहिणीनं नुसती मान हलवली.

बाळंतपणापासून तिला झोप नाही. सूप मांडीवर घेऊन बसते, चार-पाचशे विड्या झाल्या की हात थांबतो, पान तसंच बोटांत राहतं. बाळ शेजारी रडतं, तिची नजर वळत नाही. घरचे म्हणतात, आळस भरलाय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात 2011 साली आईचं नैराश्य आणि मुलाची वाढ यावरच्या अभ्यासांचा एक आढावा आला होता. 11 विकसनशील देश, जवळपास 14 हजार माय-लेकरं. आई नैराश्यात असेल तर मूल कमी वजनाचं असण्याची शक्यता साधारण दीडपट. आपल्या शेजारच्या गोव्यातही विक्रम पटेल यांच्या गटाला सहा महिन्यांच्या बाळांत हेच दिसलं. म्हणून वाटतं, काट्याशेजारी आईलाही दोनच प्रश्न विचारावेत: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास राहिलं का? कशातच गोडी वाटेना असं झालं का?

धोटा
मला नाही पटत. माझी आई दिवसाला हजार विड्या वळायची. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, तेही अवेळी, मग रात्रभर घागरी भरायच्या. अशा बाईचं मन उदास नसेल तर काय असेल? मजुरी द्या, पाणी द्या. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी आहेत (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, 2019-21). एवढ्या सगळ्या आया आजारी आहेत काय? आणि पोर सारखं आजारी म्हणून आई खचली, असंही असेल की. शेवटी खापर बाईच्याच डोक्यावर फुटणार: तू उदास, म्हणून पोर बारीक.

भीमाकाठ
खापर फुटण्याची भीती मलाही आहे. पण उलट्या बाजूचं म्हणाल, तर ज्या अभ्यासांनी आधी आईला तपासलं आणि मग मुलाची वाढ पाहिली, ते त्या आढाव्यात वेगळे काढून बघितलेत. तिथे धोका कमी झाला नाही, दुपटीच्या आसपास गेला. पाणी आणि मजुरी हवीच. पण माझ्या बहिणीच्या शेजारणींनाही तीच मजुरी, तेच पाणी आहे, आणि त्यांची पोरं काट्यावर बरी भरतात.

वजनकाटा
मी सेविका आहे, म्हणून लिहिते. विचारायला काही लागत नाही. एकदा एका अक्कांना सहज म्हटलं, 'तुम्ही कशा आहात?' त्या पाऊण तास रडल्या. गॅसवर खिचडी लागली, बाहेर बायका पोरं घेऊन ताटकळत. मी नुसता हात धरून बसले. पुढे त्यांना कुठे पाठवायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिला. त्या म्हणाल्या, फोन मालकांकडे असतो. हे पोषण ट्रॅकरमध्ये, म्हणजे आमच्या नोंदींच्या ॲपमध्ये, कुठल्या रकान्यात भरू?

बालरोगवाला
सेविकांना नीट शिकवलं तर जमतं. रावळपिंडीच्या ग्रामीण भागात अतीफ रहमान यांनी ते केलं (लॅन्सेट, 2008). तिथल्या आरोग्यसेविका घरी जाऊन नैराश्यातल्या आयांशी ठरलेल्या पद्धतीनं बोलत. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या आयांत 23 टक्केच नैराश्यात उरल्या, ज्यांच्याशी तसं बोलणं झालं नाही त्या गटात 53 टक्के. जुलाब कमी झाले, लसीकरण वाढलं. मात्र बाळांच्या वजनात आणि उंचीत म्हणावा असा फरक पडला नाही, वर्षानंतरही नाही. त्यामुळे 'आई बरी झाली की वजन वाढेल' असं कुणाला सांगू नका.

धोटा
मग मी वेगळं काय म्हणत होतो?

भीमाकाठ
हे मला माहीत नव्हतं. दोन दिवस डोक्यात घोळतंय. वजनाचा मुद्दा मीच पुढे केला, कारण पोराचं नाव घेतल्याशिवाय बाईच्या दुखण्याकडे कुणी बघत नाही असं वाटलं. ते चुकलं. बहीण म्हणजे बाळाचं वजन वाढवायचं साधन नव्हे. वजन जागचं हललं नाही तरी 53 चे 23 होणं मला पुरे आहे. त्या दोन प्रश्नांची मागणी मी सोडत नाही. फक्त वजनकाटाताई म्हणतात तसं, आधी पुढचा रस्ता ठरवा, मग सेविकेला विचारायला लावा.

वजनकाटा
आणि त्या कामाचं मानधन वेगळं धरा.

धोटा
मजुरीचं माझं म्हणणं कायम आहे. पण ताई, बहिणीला डॉक्टरकडे नेलं का?

भीमाकाठ
सोमवारी सिव्हिलला नेतेय. सासूबाई विचारतायत, त्या दिवशीच्या विड्या कोण वळणार?

धोटा
माझी आई वळेल म्हणतेय. पानं भिजवून ठेवा.