बिल्डर कन्व्हेयन्स (जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून देणं) देत नाही, काय करावं?

सोसायटी रजिस्टर होऊन बरीच वर्षं झाली, प्रॉपर्टी कार्डवर अजून बिल्डरचंच नाव, आता रिडेव्हलपमेंटचा विषय निघालाय आणि तो फोनच उचलत नाही. काही उपाय?

> डीम्ड कन्व्हेयन्स करा ना, म्हणजे बिल्डरऐवजी सरकारी अधिकाऱ्याच्या ऑर्डरने मालकी सोसायटीकडे! मोफा (महाराष्ट्राचा फ्लॅट मालकीचा कायदा) १९६३ चा, त्यात २००८ पासून ही सोय आहे. बिल्डरला आधी नोटीस, मग जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज. नियमाने सोसायटी झाल्यावर ४ महिन्यांत द्यायला हवं होतं त्याने, पण देतंय कोण!

> सगळ्यांचे इंडेक्स टू (फ्लॅटच्या नोंदणीचा उतारा) आत्ताच गोळा करा, तिथेच घोडं अडतं. आणि ऑर्डर आली म्हणून पेढे वाटू नका, सबरजिस्ट्रारकडे नोंदणी आणि सिटी सर्व्हेला नाव चढवणं बाकी असतं.

> @वरचे, बिल्डरची सही लागते का?

> नाही, तीच तर गंमत.