दोन लाखांच्या पुढचं परफॉर्मन्स इंजिन : ठणठणीत कसं ठेवलंत?

लालकाटा

साध्या गाडीचं इंजिन दोन लाख किलोमीटर चाललं तर आता त्याचं कोणाला कौतुक नाही. प्रश्न असतो तो टर्बोवाल्या (सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबणाऱ्या), नाहीतर आठ-नऊ हजार आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेरे) ओरडणाऱ्या इंजिनांचा. घेताना सगळे हौशीने घेतात आणि रनिंग दीड लाखाच्या वर गेलं की विकायची घाई करतात. ज्यांनी विकली नाही, जे आजही मोकळ्या रस्त्यावर ती पिळतात, त्यांचे अनुभव हवे आहेत. ‘अमुक ऑइल भारी’ एवढ्यावर थांबू नका. काय मोजलं, काय बदललं, आणि बिघाड व्हायच्या आधी कशावरून कळलं, ते सांगा.

‘असल्या गाड्या टिकतच नाहीत’ म्हणणाऱ्यांसाठी आधीच एक उदाहरण देऊन ठेवतो. इर्व्ह गॉर्डन या अमेरिकन शिक्षकाने १९६६ साली व्होल्व्हो पी१८०० एस ही स्पोर्ट्स कूपे घेतली आणि २०१३ मध्ये तिचे ३० लाख मैल, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर पूर्ण केले. मधल्या काळात इंजिन उघडावं लागलं होतं, ते साहजिकच आहे. पण ती गाडी रोज लांब पल्ल्यावर जायची, हे लोक विसरतात. नीट तापलेल्या इंजिनाला किलोमीटर फारसे बाधत नाहीत. झीज होते ती गार इंजिन सुरू करताना, आणि ते पुरतं तापायच्या आत पुन्हा बंद करत राहिल्याने.

माझी स्वतःची दोन लिटरची टर्बो हॅचबॅक. तिच्यात ऑइलचं तापमान वेगळं दिसतं आणि मी गाडी त्या आकड्यावर चालवतो. कूलंटचा काटा मध्यावर येऊन स्थिरावतो तेव्हा ऑइल अजून पन्नास-साठ अंशांवर रेंगाळत असतं. ते ऐंशीच्या वर गेल्याशिवाय मी तीन हजार आरपीएमच्या पुढे जात नाही. कूलंटच्या काट्यावर तसाही फार विसंबू नये. बऱ्याच गाड्यांत तापमान बरंच वर-खाली झालं तरी तो मध्यावरच बसून राहील अशी सोय मुद्दाम केलेली असते, गिऱ्हाईक उगाच घाबरू नये म्हणून!

बूस्टवेडा

रनिंग १,८०,०००. डायरेक्ट इंजेक्शन, टर्बो. लक्षण एकच होतं: सकाळी गार इंजिन सुरू केलं की मिसिंग, आणि थोड्या वेळात सगळं सुरळीत. प्लग नवे टाकले, कॉइल आलटून पालटून पाहिल्या, तरी मिसिंग त्याच सिलिंडरवर. मग इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्या) उतरवलं. व्हॉल्वच्या दांड्यांवर काळ्या कार्बनचा एवढा जाड थर की मूळ आकारच कळेना.

कारण सरळ आहे. जुन्या पद्धतीत इंजेक्टर पेट्रोल व्हॉल्वच्या पाठीवर मारतो, त्यामुळे तो आपोआप धुतला जातो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, आणि क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या पेटीतून) येणारी ऑइलची वाफ व्हॉल्ववर बसून भाजत राहते. म्हणून टाकीत ओतायची क्लीनरची बाटली या दुखण्यावर काही कामाची नाही, ती तिथवर पोहोचतच नाही. टोयोटाने डी-४एस पद्धतीत दोन्ही जागी इंजेक्टर ठेवले, त्याचा एक फायदा हाच.

सफाई केली ती अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारून. तो कार्बन उडवतो, धातूला धक्का लावत नाही. करून घेताना मात्र शेजारी उभे राहा. ज्या सिलिंडरवर काम चालू आहे त्याचे इनटेक व्हॉल्व पूर्ण मिटलेले हवेत, आणि त्यासाठी दर सिलिंडरला क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) हाताने फिरवावा लागतो. घाईत हे राहिलं आणि भुगा आत गेला तर रिंगांची वाट लागलीच म्हणून समजा. पीसीव्ही व्हॉल्वही त्याच वेळी बदलला, कारण ऑइलची वाफ त्याच्याच वाटेने येते.

अजून एक. वरच्या गिअरमध्ये पंधराशे आरपीएमला एक्सलेटर तळाला नेत नाही. छोट्या टर्बो इंजिनात अशा वेळी ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटू शकतं, आणि तो ठोका पिस्टनच्या रिंगांमधली कडा तोडू शकतो. २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी या इंजिन ऑइलच्या दर्जात या प्रकारासाठी चाचणी आहे, टायमिंग चेनच्या झिजेसाठीही आहे. डब्यावर ती दोन अक्षरं शोधा, बाकी जाहिरात वाचली नाही तरी चालेल.

टॅपेटकर

माझी गाडी अगदी उलट्या जातीची. होंडा एस२०००, दोन लिटर, टर्बो नाही, रेडलाइन, म्हणजे आरपीएमची मर्यादा, नऊ हजारांना. रनिंग २,१०,०००. या इंजिनात आपोआप जुळवून घेणारे हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, व्हॉल्वची दांडी आणि तिला दाबणारा भाग यांच्यातली बारीक फट, म्हणजे गॅप, हाताने सेट करावी लागते, आणि माझ्या मते या गाडीचं निम्मं आयुष्य त्या गॅपवर आहे.

‘टॅपेट वाजायला लागले की सेटिंग करायचं’ असा सर्रास समज आहे. तो अर्धाच खरा. रनिंग वाढतं तसा व्हॉल्व आपल्या सीटमध्ये कणाकणाने रुतत जातो. तो रुतला की दांडी वर सरकते आणि गॅप कमी होते. म्हणजे आवाज वाढत नाही, उलट इंजिन जास्तच गोड चालल्यासारखं वाटतं! गॅप पार संपली की व्हॉल्व सीटवर पुरता टेकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व आपली बरीचशी उष्णता टेकलेला असतानाच सीटला देतो. टेकलाच नाही तर ती जाणार कुठे? कड जळते, कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं आणि हेड उतरवावं लागतं. त्यामुळे वाजणाऱ्या टॅपेटची मला तितकी काळजी नसते, गप्प बसलेल्याची असते.

फिलर गेजची (फट मोजायची) पाती सरकवताना किंचित ओढ जाणवली पाहिजे. ती सुळकन गेली तर सैल, अडकून वाकली तर घट्ट. लॉक नट आवळताना स्क्रू केसभर फिरतो आणि गॅप बदलते, म्हणून नट आवळल्यावर पाती पुन्हा घालायचीच. नेमकी हीच पायरी घाईत गाळली जाते. एक्झॉस्टची गॅप इनटेकपेक्षा जास्त असते, कारण तो जास्त तापतो आणि जास्त लांबतो. आकडे आपापल्या मॅन्युअलमधलेच घ्या.

सेटिंग करायच्या *आधीचे* सोळाही आकडे मी वहीत लिहून ठेवतो. सगळे व्हॉल्व थोडेथोडे सरकले तर ती वयाची झीज. एकच व्हॉल्व दर वेळी इतरांहून जास्त सरकत असेल तर त्या सिलिंडरकडे नीट बघायची वेळ आली.

थंडोबा

ऑइलवर सगळे भरभरून लिहितील, म्हणून मी कूलंटवर लिहितो. सहा सिलिंडर, टर्बो, दोन लाखांच्या आसपास.

गरम इंजिनाच्या कुशीत वर्षानुवर्षं शेकलेलं प्लास्टिक बाहेरून धडधाकट दिसतं. माझ्या गाडीचा थर्मोस्टॅटजवळचा एल्बो काढताना बोटांच्या दाबाने बिस्किटासारखा मोडला, आणि तोवर त्यातून एक थेंबही गळलेला नव्हता. एक तुकडा गेला की बाकीचे त्याच वयाचे असतात. मी होज, क्लिपा, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, टाकी आणि तिचं झाकण असं सगळं एकदम बदललं. झाकणाला लोक मोजतच नाहीत. सिस्टिममधला दाब ते धरून ठेवतं आणि दाबामुळेच कूलंटचा उकळबिंदू वर जातो. झाकणाची स्प्रिंग मेली की नवा रेडिएटर टाकूनही गाडी तापते.

मिश्रण निम्मं डिस्टिल्ड वॉटर, निम्मं कूलंट. नुसतं कूलंट ओतून गाडी जास्त गार राहत नाही, कारण पाणी त्याच्यापेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं. आणि गळती थांबवणारी पावडर चुकूनही नको, ती हीटरच्या बारीक नळ्यांतही जाऊन बसते.

स्कॅनरवाली

मी हात काळे करत नाही, मी आकडे बघते. ओबीडीला (गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला) लावायचं एक साधं यंत्र आणि फोन, बस. चेक इंजिनचा दिवा लागायच्या कितीतरी आधी फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटरने पेट्रोलमध्ये केलेली कमी-जास्त दुरुस्ती, बोलायला लागतो.

माझ्या गाडीत आयडलिंगला लाँग टर्म ट्रिम अधिक १२ टक्क्यांवर गेला होता. गाडी चालायला एकदम व्यवस्थित. अडीच हजार आरपीएमला धरली की तोच आकडा दोनवर यायचा. म्हणजे कुठून तरी चोरटी हवा आत येत होती: आयडलिंगला एकूण हवाच कमी असते म्हणून तेवढी चोरी मोठी ठरते, आणि आरपीएम वाढल्यावर ती झाकली जाते. उलट झालं असतं, आयडलिंगला ठीक आणि जोर मागितल्यावर अधिक, तर मी पेट्रोल पंपाकडे आणि एअरफ्लो सेन्सरकडे बोट दाखवलं असतं. मेकॅनिककाकांना आकडे दाखवले, त्यांनी इनटेकमध्ये धूर सोडला आणि मॅनिफोल्डखालच्या एका चिरलेल्या रबरी नळीतून तो लगेच बाहेर आला. एरवी अंदाजाने निम्मे सेन्सर बदलून झाले असते.

टायमिंग चेनवाल्या गाड्यांसाठी: कोड पी००१६ म्हणजे कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा) आणि क्रँक यांचा मेळ बसत नाही; त्यांना जोडते ती चेन. गार इंजिन सुरू करताना एक-दोन सेकंद खडखड आणि सोबत हा कोड, असं असेल तर फक्त सेन्सर बदलून समाधान मानू नका. चेन ताणली असण्याची शक्यता दाट आहे.

फिरकी

माझदाची आरएक्स-८. दोन रोटर (फिरणारे तिकोनी भाग), पिस्टन नावाची गोष्टच नाही, त्यामुळे वर लिहिलेलं निम्मं मला लागू नाही.

हे इंजिन ऑइल खातं, कारण रोटरच्या कडांचे सील ओले राहावेत म्हणून त्यात मुद्दाम ऑइल सोडायची रचनाच आहे. पेट्रोल भरायला थांबलो की पट्टी ओढून लेव्हल बघायची, विषय संपला. गार इंजिन सुरू करून, गाडी पाच फूट सरकवून लगेच बंद करायची नाही. आत पेट्रोल साठतं आणि पुढच्या वेळी ती नुसती गुरगुरते. तब्येत बघायची असेल तर गरम असताना स्टार्ट करून बघा. गार असताना चटकन सुरू होते पण गरम असताना खूप वेळ सेल्फ मारावा लागतो, तर कंप्रेशन उतरलेलं असू शकतं. साध्या गेजने ते नीट कळत नाही. प्रत्येक रोटरला तीन बाजू असतात आणि तिन्हींचे आकडे वेगळे लागतात, साधा गेज त्यातला सगळ्यात मोठा दाखवून मोकळा होतो.

जुना फिटर

पोरांनो, यंत्रं चांगली आहेत, पण कान आणि नाक घरी ठेवून येऊ नका. ऑइलची पट्टी ओढली की आधी वास घ्या. पेट्रोलचा वास येतोय आणि लेव्हल खाली जायच्या ऐवजी वर गेलीय, तर ऑइल पातळ झालंय. पुस्तकात काहीही अंतर लिहिलेलं असो, ते बदला.

जास्त चाललेली गाडी घेताना नुसती कंप्रेशन टेस्ट पुरत नाही. दुखणं आहे एवढंच ती सांगते. लीकडाउन टेस्ट दुखणं कुठे आहे ते सांगते. पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व मिटलेले असताना प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि ऐकायचं. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व. थ्रॉटलकडून आली तर इनटेक. ऑइल ओतायच्या तोंडातून थोडी येणारच, जोरात आली तर रिंग. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेडचं पॅकिंग.

टर्बोची चाकी बोटांनी हलवून ‘प्ले आहे, टर्बो गेला’ म्हणणारे खूप भेटतात. बाजूला किंचित हलणारच, चालताना ती फट ऑइलने भरते. पुढे-मागे हलली किंवा पाती घराला घासल्याची खूण दिसली, तर मात्र बाहेर काढा.

आणि वर्षानुवर्षं ऑइल उशिरा बदललेल्या इंजिनात फ्लश (गाळ सोडवणारं औषध) ओतू नका. सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो, मग बेअरिंगला ऑइल मिळणार कुठून? त्यापेक्षा चांगलं ऑइल भरा आणि दोन-तीन वेळा लवकर लवकर बदला.

बूस्टवेडा

काका, जाड ऑइल टाकून आवाज दाबणाऱ्यांवरही लिहा की!

जुना फिटर

त्यावर काय लिहायचं. आवाज दबतो, बेअरिंग दबत नाही.

नमुनाबाटली

वापरलेल्या ऑइलचा नमुना तपासून घेणारा मी इथे एकटाच दिसतोय. एका रिपोर्टवरून काही ठरवू नये, ओळीने दोन-तीन बघावेत. लोखंड वाढलं तर सिलिंडर, कॅम असे भाग. तांबं आणि शिसं एकदम वाढलं तर बेअरिंगकडे बघायचं. सोडियम-पोटॅशियम दिसलं तर ऑइलमध्ये कूलंट जातंय का ते तपासायचं.

माझ्या रिपोर्टमध्ये सिलिकॉन वाढलं आणि पाठोपाठ लोखंडही. सिलिकॉन म्हणजे बहुतेक वेळा धूळ. फिल्टर नवाच होता, पण एअरबॉक्सच्या झाकणाची मागची क्लिप, जी वरून दिसत नाही, ती तुटलेली निघाली. झाकण एका कोपऱ्यात उचललं जात होतं आणि धूळ फिल्टरला वळसा घालून आत. फिल्टरच्या पलीकडच्या पाइपात बोट फिरवलं तर बारीक माती लागली. क्लिप बदलल्यावर पुढच्या नमुन्यात दोन्ही आकडे उतरले.

फिटरकाकांशी एका बाबतीत मात्र वाद आहे. लवकर बदलणं बरोबर, पण किती लवकर ते गाडीवर अवलंबून. लांबच लांब चालणाऱ्या माझ्या गाडीत पुस्तकातल्या अंतराच्या निम्म्यावर ऑइल काढलं, तर रिपोर्टमध्ये ते अजून ठीकठाक होतं.

जुना फिटर

तुमच्याकडे रिपोर्ट आहे म्हणून ठीक. ज्याच्याकडे नाही त्याने निम्म्यावरच काढावं.

स्कॅनरवाली

टॅपेटकर, एक विचारायचं राहिलं. गॅप गार इंजिनावरच घेता ना? आमच्याकडे एक जण गाडी चालवत आणून तासाभरात उघडतो.

टॅपेटकर

गारच. रात्रभर उभी ठेवून सकाळी, सुरू न करता. तासाभरात हेड वरून गार लागतं, पण आत उष्णता शिल्लक असते आणि आकडे फसवे येतात. त्याला सांगा, मॅन्युअलमध्ये किती तापमानाच्या खाली मोजायचं तेही लिहिलेलं असतं.