डॉबरमनचे कान कापावे का? (खानापूर)

शेतघर_खानापूर:
शेतावर राखणीसाठी डॉबरमनचं नर पिल्लू बघितलंय, वय ७ आठवडे. शेपूट आधीच तोडलेली आहे. विकणारा म्हणतो, कान पण आठवड्याभरात घरीच कापून देतो, डॉक्टर नको, भूल नको. कापले की कुत्रं तिखट होतं आणि पावसाळ्यात कान सडत नाहीत म्हणे. हे कितपत खरं? जाणकारांनी सांगा की.

गुरांचा_दवाखाना:
कापू नका, आणि घरी तर मुळीच नको. यात नुसती कातडी जात नाही. कानाच्या पाळीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग कूर्चेसकट जातो. कडेनं रक्तवाहिन्या असतात, त्यामुळे लहान पिल्लाचं रक्त बरंच जातं. जिथं हे अजून चालतं तिथंही ८ ते १२ आठवड्यांच्या वयात, पूर्ण भूल देऊनच करतात. टाके १०-१४ दिवसांनी निघतात, आणि खरा त्रास त्यानंतर सुरू होतो. कान उभे राहावेत म्हणून आधार लावून पट्ट्या बांधायच्या, दर आठवड्याला बदलायच्या, दात बदलून होईपर्यंत काही महिने. पट्टी ओली राहिली की खालची कातडी कुजते, घट्ट झाली तर रक्त थांबून टोक काळं पडतं. व्रण आकसला तर कान वाकडा राहतो, आणि एवढं करूनही कधी एकच उभा राहतो.

शिवाय ७ आठवड्यांच्या पिल्लाचं लसीकरण जेमतेम सुरू झालेलं असतं. अशा वयात उघडी जखम आणि धसका देणं म्हणजे पार्व्होला (पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) दार उघडून देणं. पावसात माशी बसली की जखमेत किडे पडायला वेळ लागत नाही.

कायदा_आणि_कुत्री:
प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचं कलम ११ बघा. जनावराचा अवयव छाटून विद्रूप करणं हा गुन्हा आहे. त्याच कलमात गुरांची शिंगं काढणं, खच्चीकरण, डाग देणं आणि वेसण घालणं यांना ठरलेल्या पद्धतीनं सूट आहे. शोभेसाठी कुत्र्याचे कान-शेपूट कापायला तशी सूट नाही. पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये, म्हणून विकणारे बिनधास्त असतात. हा दंड लाजिरवाणा कमी आहे. भारतीय पशुवैद्यकीय परिषदेनं २०११ मध्ये कान-शेपूट कापण्याविरुद्ध पत्रक काढलं होतं, मद्रास उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ते रद्द केलं. ते पत्रक गेलं म्हणून कलम ११ गेलेलं नाही.

डॉबरमनचा मूळ देश जर्मनी. तिथं कान कापण्यावर १९८७ पासून आणि शेपूट तोडण्यावर १९९८ पासून बंदी आहे. एफसीआय या कुत्र्यांच्या जातींची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सध्याच्या मानकातही या जातीचे कान-शेपूट नैसर्गिकच हवेत.

गुरांचा_दवाखाना:
तिखटपणाचं सांगायचं राहिलं. राखण येते आई-बापाच्या स्वभावातून आणि शिकवण्यातून. ३ ते १२ आठवड्यांत पिल्लानं माणसं, गुरं, ट्रॅक्टरचा आवाज हे सगळं न घाबरता बघितलं पाहिजे. त्याच दिवसांत वेदना दिली तर ते डोक्याला हात लावू देत नाही, आणि पुढं कान तपासताना चावतं.

कान सडणंही कापण्यानं थांबत नाही. सूज येते आतल्या नळीत. तिथं ॲलर्जी, माइट्स (कानातले बारीक किडे), यीस्ट (बुरशी) ही कारणं असतात. खानापूरच्या पावसात आठवड्यातून एकदा कान उलटून बघा. वास येतोय का, काळपट मळ आहे का, गोचीड आहे का. भिजलं की पाळी आतून पुसा. काडी आत घालू नका, हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका. वास आला तर औषध अंदाजानं न टाकता दवाखान्यात दाखवा, कारण कानाचा पडदा फाटलेला असेल तर काही थेंबांनी बहिरेपणा येतो.

निपाणी_रॉट:
आमच्याकडं रॉटवायलरच्या ४ दिवसांच्या पिल्लांना कुणीतरी शेपटीला रबर लावलंय. 'या वयात दुखत नाही' म्हणतात. काढावं का?

गुरांचा_दवाखाना:
दुखतं. वेदना नेणारे मज्जातंतू जन्मतःच काम करत असतात, पिल्लू फक्त ओरडून सांगू शकत नाही. रबरानं रक्त थांबून शेपूट वाळून गळते. मधल्या काळात पू होतो, आणि तुटलेल्या मज्जातंतूच्या टोकाला गाठ झाली तर बुंधा कायम दुखतो. स्वतः ओढू नका. पिल्लं उबदार टोपलीत, आईसकट, आजच दवाखान्यात न्या. शेपूट अजून गरम आणि गुलाबी असेल तर डॉक्टर रबर कापून ती वाचवू शकतील. गार, काळी पडली असेल तर मेलेला भाग भूल देऊन काढावा लागेल.