मदत हवी आहे: कॉकपिटमधला टॅबलेट गरम होऊन बंद पडतो

धावपट्टी
नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय, पुढची चाचणी तोंडावर आहे. कागदी नकाशे, अप्रोच चार्ट (उतरताना लागणारे नकाशे), चेकलिस्ट असं सगळं टॅबलेटवर आणायचं काम आमच्याकडे आलंय. टॅबलेट नीबोर्डवर, म्हणजे वैमानिकाच्या मांडीला बांधायच्या पाटीवर, बसवलाय. हँगरमध्ये तासन्‌तास बिनबोभाट चालतो. वर गेला की आधी स्क्रीन मंद होते, मग अर्ध्या तासाच्या आत तापमानाचा इशारा येतो आणि खेळ खलास. वैमानिक उतरल्यावर तो माझ्या हातात असा देतात जणू मीच तापवलाय. अ‍ॅप बदललं, कव्हर बदललं, फरक शून्य. लष्करी दर्जाचा मजबूत टॅबलेट घ्यावा का? कुठला घ्यावा? कृपया अनुभवी लोकांनीच सांगा.

खवचट_खारूताई
‘वर’ म्हणजे किती वर? विमान कुठलं? डोक्यावर काचेचा घुमट की पत्र्याचं छत? टॅबलेट कुठला? हे न सांगता ‘कुठला घेऊ’ विचारताय.

धावपट्टी
विमान सांगता येणार नाही. लष्करी आहे, एवढं पुरे. टॅबलेट साधा आठ इंची, बाजारात मिळतो तोच.

रोटरहेड
अँड्रॉइड घ्या आणि सुटा. अमेरिकेच्या हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेत तयार झालेलं एटॅक हे नकाशाचं अ‍ॅप अँड्रॉइडवरच वाढलं. नकाशा, आपली माणसं कुठे आहेत ते, सगळं एका पडद्यावर. आयपॅड म्हणजे नुसता दिखावा.

सफरचंद_समर्थक
दिखावा? 2012 मध्ये अमेरिकेच्या एअर मोबिलिटी कमांडने 18,000 पर्यंत आयपॅड घ्यायचा करार केला होता. सी-17 या मालवाहू विमानातल्या वैमानिकांच्या कागदांनी भरलेल्या जाडजूड बॅगा त्यामुळेच गेल्या. त्याच्याही आधी अफगाणिस्तानात कोब्रा हेलिकॉप्टरचे मरीन वैमानिक स्वतःचा आयपॅड नकाशांसाठी नेत होते. तेव्हा तुमचं एटॅक कुठे होतं?

बिनतारी
त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्यांच्याच हवाई दलाच्या स्पेशल ऑपरेशन्स कमांडने 2,861 आयपॅडची खरेदी रद्द केली होती, तेही सांगा की. यादीत पीडीएफ वाचायचं एक अ‍ॅप होतं, ते निघालं रशियात तयार झालेलं. टॅबलेट गरम होतो ही दुय्यम गोष्ट आहे. धागाकर्ते, तुमच्या टॅबलेटवर अ‍ॅप कोणाचं आहे? वायफाय चालू ठेवता का? ब्लूटूथ?

धावपट्टी
सगळं बंद असतं. प्रश्न गरम होण्याचा आहे हो.

जुना_नॅव्हिगेटर
बाळा, आमच्या वेळी नकाशाची घडी घालणं हीच एक विद्या होती. मार्ग ज्या पट्ट्यातून जातो तेवढा पट्टाच वर येईल अशी घडी, त्यावर मेणाच्या पेन्सिलीने दर दोन मिनिटांची खूण, आणि हातमोज्याच्या अंगठ्याने पान उलटायचं. नकाशा कधी तापला नाही, कधी चार्ज करावा लागला नाही. दर 28 दिवसांनी नवे चार्ट यायचे, ते जुन्यांच्या जागी लावत बसायचं, तेवढा एक ताप. एप्रिल 2015 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सची कित्येक उड्डाणं टॅबलेटवरचं अ‍ॅप बंद पडल्यामुळे खोळंबली होती. कागद असा रुसत नाही.

सफरचंद_समर्थक
काका, 28 दिवसांनी शेकडो पानं बदलायची, आणि त्यातलं एक जरी जुनं राहिलं तर? तेच काम टॅबलेटवर बसल्या जागी होतं.

जुना_नॅव्हिगेटर
होतं खरं. अपडेट केलं असेल तर.

उष्माघात
मी उष्णता वहनाचं काम करतो, विमानातलं नाही, पण हिशोब सोपा आहे. लख्ख ऊन म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे 1000 वॅट. आठ इंची टॅबलेटचा चेहरा साधारण 250 चौरस सेंटिमीटर. म्हणजे घुमटाखाली सरळ ऊन पडलं तर पंचवीसेक वॅट त्या काळ्या काचेवर ओतले जातात, आणि काळी काच त्यातले बरेचसे पिते. टॅबलेटची स्वतःची उष्णता त्यापुढे किरकोळ, काही वॅट. हँगरमध्ये ऊनच नाही, तिथे तो चालणारच. आयपॅडसाठी कंपनी स्वतः 0 ते 35 अंश ही मर्यादा देते. उन्हात उभ्या विमानाचं कॉकपिट ती मर्यादा इंजिन सुरू होण्याआधीच ओलांडतं.

रोटरहेड
अहो पण वर थंडी असते ना? 30,000 फुटांवर बाहेर उणे चाळीसच्या खाली.

उष्माघात
बाहेर. आत बसलेल्या माणसाला उणे चाळीसात बसवत नाहीत. शिवाय आतली हवा विरळ असते.

कॅनोपी_बंद
विरळ हवेचा मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि सी-17 चं उदाहरण इथे का चालत नाही तेही यातच आलं. प्रवासी आणि मालवाहू विमानात केबिनची उंची, म्हणजे आतला हवेचा दाब ज्या उंचीवरच्या दाबाइतका असतो ती उंची, साधारण 8,000 फुटांच्या आत ठेवतात. लढाऊ विमानात तसं नसतं. एफ-16 घ्या: 23,000 फुटांपर्यंत केबिन 8,000 वर धरून ठेवतात, त्यापुढे आतबाहेरच्या दाबात 5 पीएसआयचा (पौंड प्रति चौरस इंच) फरक. विमान 40,000 वर असेल तर केबिन 16,000 च्या पुढे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास. पंखा लावलात तरी ढकलायला हवाच कमी. आणि आयपॅडच्याच कागदावर कमाल उंची 3,000 मीटर, म्हणजे सुमारे 10,000 फूट, लिहिलेली आहे. त्यापुढे तो चालत नाही असं नाही, पण कंपनीने हात वर केलेले आहेत.

दुसरं, ‘लष्करी दर्जा’ या शिक्क्याला भुलू नका. एमआयएल-एसटीडी-810 हा चाचण्यांचा संग्रह आहे. धूळ, धक्का, पाऊस, उंची, अचानक दाब जाणं अशा वेगवेगळ्या पद्धती त्यात आहेत, आणि कोणत्या करायच्या ते उत्पादक निवडतो. टेबलावरून खाली पाडला आणि फुटला नाही, की लागला शिक्का. त्यांना विचारा: ऊन आणि उंची या दोन्ही चाचण्या केल्या का, आणि टॅबलेट चालू असताना केल्या का? रबरात गुंडाळलेला मजबूत टॅबलेट उलट जास्त तापतो, उष्णता बाहेर पडायला वाटच नाही.

धावपट्टी
हे उपयोगी आहे. कव्हर जाड रबरी आहे हे खरं. पण ते काढलं तर नीबोर्डच्या चौकटीत टॅबलेट हलतो.

निशाचर
रात्रीसाठी स्क्रीन लाल आणि मंद करा. डोळे अंधाराला सरावलेले राहतात, बॅटरीही वाचते, गरमही कमी होतो. आम्ही तारे बघायला जातो तेव्हा हेच करतो.

कॅनोपी_बंद
लष्करी कॉकपिटमध्ये हे अजिबात करू नका! नाइट व्हिजन गॉगल साधारण 600 ते 900 नॅनोमीटरच्या पट्ट्यात बघतात, म्हणजे लाल आणि जवळचं अवरक्त. लाल स्क्रीन त्यात भट्टीसारखी पेटते, गॉगल स्वतःची संवेदनशीलता कमी करतो आणि बाहेरचं सगळं काळं. तिथे हिरवट गाळणी लागते, एमआयएल-एसटीडी-3009 या लष्करी मानकात बसणारी. स्क्रीनची प्रखरता नुसती कमी करूनही भागत नाही. तसंही धागाकर्त्याने रात्रीचं विचारलेलंच नाही.

खवचट_खारूताई
त्याने बऱ्याच गोष्टी विचारलेल्या नाहीत आणि सांगितलेल्याही नाहीत. टॅबलेटला वीज कुठून मिळते?

तोफखाना
युक्रेनचं उदाहरण कोणीच दिलं नाही? सोव्हिएत काळातल्या विमानांवरून पाश्चिमात्य शस्त्रं चालवायला वैमानिकाच्या हातात आयपॅड दिलाय. अमेरिकेचे शस्त्रखरेदीचे अवर सचिव विल्यम लाप्लांट यांनी एप्रिल 2024 मध्ये हे जाहीर सांगितलं. तिथे कोणी 35 अंशांचं रडगाणं गात बसलं नाही.

बिनतारी
आणि उलट बाजूला, पाडलेल्या रशियन सुखोई-34 च्या डॅशबोर्डवर चिकटपट्टीने लावलेले साधे जीपीएस सापडल्याचं ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी मे 2022 मध्ये सांगितलं होतं. जुगाड सगळीकडे आहे. पण जॅमिंगच्या (शत्रूने सिग्नल अडवण्याच्या) हद्दीत टॅबलेटचा जीपीएस सगळ्यात आधी भरकटतो. व्यायाम नोंदवणाऱ्या स्ट्राव्हा अ‍ॅपचा नकाशा विसरलात? जानेवारी 2018 मध्ये जवानांच्या धावण्याच्या रेघांवरून तळ उघडे पडले.

तोफखाना
स्ट्राव्हा मनगटावर होतं, कॉकपिटमध्ये नव्हे. कशाचा कशाला पत्ता नाही.

बिनतारी
उपकरण तेच करतं, हद्द वेगळी. तुम्हाला कळेल तेव्हा उशीर झालेला असेल.

संपादक
दोघांनीही स्ट्राव्हासाठी वेगळा धागा काढावा. आणि धागाकर्त्याला विनंती, युनिट, तळ किंवा विमान ओळखू येईल असं काही इथे लिहू नये. कोणी विचारलं तरी.

सुटे_सामान
सगळे गरम-थंड करताहेत, पण टॅबलेट सुटला तर? 9 फेब्रुवारी 2014, ब्रिटिश हवाई दलाचं व्हॉयेजर हे वाहतुकीचं विमान, आत 198 माणसं. कप्तानाचा कॅमेरा त्याचा आर्मरेस्ट आणि साइडस्टिक (विमान चालवायचा बाजूचा दांडा) यांच्यात अडकला. सीट पुढे घेतली तसा कॅमेऱ्याने दांडा पुढे रेटला आणि विमान 27 सेकंदांत 4,400 फूट खाली आलं. वाचले. 2 ऑक्टोबर 2015 ला अफगाणिस्तानात जलालाबादला सी-130जे हे मालवाहू विमान वाचलं नाही. माल चढवताना एलेव्हेटर (शेपटीवरची हलती पट्टी) वर राहावा म्हणून योकच्या (चालवायच्या दांड्याच्या) पुढे नाइट व्हिजन गॉगलचा कडक डबा खोचला होता, तो उड्डाणाआधी काढायचा राहिला. 14 जण गेले, त्यातले तीन जमिनीवरचे.

म्हणून ‘चौकटीत टॅबलेट हलतो’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपलं. धागाकर्ते, सीट इजेक्शनची, म्हणजे आणीबाणीत वैमानिकासह बाहेर उडणारी, आहे का? खेचायचं हँडल दोन मांड्यांच्या मध्ये आहे का?

धावपट्टी
हो आणि हो.

सुटे_सामान
मग केबल कुठून जाते?

धावपट्टी
उजव्या बाजूच्या पॅनेलमधून कन्व्हर्टर काढलाय, 28 व्होल्टवरून यूएसबी. टॅबलेट डाव्या मांडीवर आहे, उजव्या हातात स्टिक असते ना. केबल मांडीवरून... म्हणजे मधूनच जाते. पण ती सैल असते, त्रास होत नाही. आणि प्रखरता पूर्ण ठेवली नाही तर उन्हात काही दिसत नाही, तेव्हा चार्जिंग लागतंच. मागच्या सीटवरचा टॅबलेट कधी बंद पडलेला नाही, पण तो वेगळा विषय आहे.

खवचट_खारूताई
वेगळा विषय??? एवढा वेळ ताकास तूर लागू दिली नाहीत!

उष्माघात
मागच्या सीटला चार्जिंग आहे का?

धावपट्टी
नाही. मागे पॉइंटच नाही. म्हणून तर ‘वेगळा’ म्हटलं. टॅबलेट तोच, कव्हर तेच, अ‍ॅप तेच. मागचा उतरल्यावर चाळीसेक टक्क्यांवर असतो.

उष्माघात
उत्तर तुमच्याच मागच्या सीटवर बसलंय. ऊन दोघांवर थोडंफार सारखंच. पुढच्यावर भर पडते ती चार्जिंगची. चार्ज होताना सेल आणि चार्जिंग सर्किट दोन्ही तापतात, तेही नेमके उन्हाने आधीच तापलेले असताना, रबराच्या आत. लिथियम सेल तापलेला असताना चार्ज करणं बॅटरीच्या आयुष्यालाही वाईट. शंभर टक्के भरून न्या, वर केबल लावूच नका.

सुटे_सामान
आणि गरम राहो, थंड राहो, ती केबल आजच्या आज काढा. इजेक्शनच्या हँडलवरून जाणारी सैल केबल म्हणजे हँडल खेचताना हातात येणारी केबल. ‘त्रास होत नाही’ हे इजेक्ट केल्याशिवाय कळत नाही. तुमच्या उड्डाण सुरक्षा अधिकाऱ्याने हा मार्ग बघितलाय का? लिखित मंजुरी आहे का?

धावपट्टी
नीबोर्डला मंजुरी आहे. केबल नंतर आली.

सुटे_सामान
म्हणजे केबलला नाही. पुन्हा अर्ज करा, चाचणी पुढे गेली तर जाऊ दे.

सफरचंद_समर्थक
पण पुढच्या वैमानिकाला लांबचं उड्डाण असेल तर बॅटरी पुरेल का? मी तरी पॉवर बँक नेली असती.

कॅनोपी_बंद
आणखी एक लिथियम बॅटरी, बंद घुमटात, खिशात? पेटली तर धूर जायला जागा नाही आणि उठून पळायला वाट नाही. मागच्याला चाळीस टक्के उरतात, म्हणजे पुढच्यालाही पुरते. फार तर दोन टॅबलेट, एक थंड जागी बंद ठेवलेला. आणि चेकलिस्टचं पान, आपत्कालीन प्रक्रिया, परतीचे चार्ट एवढं तरी कागदावर खिशात असू दे.

जुना_नॅव्हिगेटर
मी काहीच बोललो नाही.

रोटरहेड
तरी मी म्हणेन, अँड्रॉइडमध्ये चार्जिंग ठराविक टक्क्यांवर थांबवायची सोय असते.

धावपट्टी
केबल काढून पुढच्या सीटवर उड्डाण झालं. स्क्रीन एकदा मंद झाली, इशारा आला नाही. उतरताना बॅटरी एकोणचाळीस टक्के. जाड रबराऐवजी कडेला नुसत्या पट्ट्या असलेलं पातळ कव्हर शिवून घेतोय, म्हणजे चौकटीत हलणार नाही आणि पाठ उघडी राहील. केबलचा विषय सुरक्षा अधिकाऱ्यांकडे गेलाय, त्यांनी मला बराच वेळ उभं ठेवलं.

आता नवीन कटकट. एक वैमानिक म्हणतात, टॅबलेट आडवा धरला की पडदा पूर्ण काळा, उभा धरला की ठीक. बाकीच्यांना असं काही होत नाही. टॅबलेट बदलूनही तेच.

खवचट_खारूताई
त्यांचा उन्हाचा गॉगल पोलराइज्ड आहे का ते बघा. एलसीडीचा प्रकाश एकाच दिशेचा असतो, गॉगलची गाळणी त्याला आडवी आली की अडतो. आणि तो गॉगल विमानातल्या इतर पडद्यांवरही हेच करत असणार, तेव्हा आधी गॉगल बदलायला सांगा.

धावपट्टी
ते माझ्याहून बरेच वरचे आहेत. सांगायचं कसं?

रोटरहेड
त्यासाठी वेगळा धागा काढा.