रंकाळ्यावर "साईड साईड" ओरडत जाणाऱ्या सायकलवाल्यांबद्दल

तांबट_कमान:
मंडळी जरा मोठं लिहितोय, पण रविवारपासनं डोक्यात तेच घोळतंय. आधीच सांगतो, मी स्वतः सहा वर्षं सायकल चालवतोय, रोडबाईक आहे, हेल्मेट आहे, जर्सी आहे, त्यामुळं सायकलवाल्यांवर खार खाऊन लिहितोय असं कुणी समजू नका.

रविवारी सकाळी पावणेसातला आपल्या कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या रस्त्यानं, टॉवरकडनं जावळाच्या गणपतीकडं चाललोवतो. सुट्टीचा दिवस, त्यामुळं चौपाटीच्या बाजूला माणूसच माणूस. माझ्यापुढं एक मामा होते, पन्नाशी ओलांडलेले, काळी साधी सायकल, हँडलला कापडी पिशवीत डबा, कॅरिअरला सुतळीनं बांधलेलं जर्किन. मागनं सात-आठ जणांचा ग्रुप आला, दोघं दोघं शेजारी, स्पीड तीसच्या आसपास, आणि लांबनंच "साईड साईड साईड!" मामा दचकले, एकदम डावीकडं घेतली, पुढचं चाक फूटपाथच्या कडेला घासलं. पडले नाहीत, पाय टेकला, पण चेन पडली. आणि जाता जाता शेवटचा गडी काय म्हणाला माहिताय? "ओ काका, खटारा घेऊन मधनं कशाला चालवताय!"

मधनं नव्हतेच ते, कडेलाच होते. मी मागंच होतो, मला दिसत होतं.

मी थांबलो. मामांनी कडेची एक काटकी उचलली, चेन चक्राच्या दातावर धरली, पायडल हातानं उलटं फिरवलं, झालं काम. हाताला काळं लागलं तर म्हणाले ते चेनचं नाही, रात्रपाळीचं हाय. उद्यमनगरात फाउंड्रीत रात्रपाळी करून फुलेवाडीला घरी चाललेले. चिडले पण नव्हते. एवढंच बोलले, "सव्वीस वर्षं ह्याच रस्त्यानं जातोय, नुसती घंटी मारली असती तरी सरकलो असतो की." त्या आठ सायकलींपैकी एकीला पण घंटी नव्हती. माझ्या सायकलला पण नाही, हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं आणि लाज वाटली.

माझं म्हणणं सरळ आहे. गर्दीत तीसचा स्पीड काढायचा नाही, आणि दुसऱ्याच्या सायकलला खटारा म्हणायचं नाही. ताशी ३० म्हणजे सेकंदाला आठ मीटरच्या वर. समोर पोरगं आलेलं दिसून बोट ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तरी तीन रिक्षा एकामागं एक लावाव्यात एवढं अंतर तुम्ही पुढं गेलेला असता, ब्रेक तर अजून लागलाच नाही. आणि स्पीडपेक्षा मला तो शब्द जास्त लागला. ज्या माणसाचं पोट सायकलवर आहे त्याला आपण हौसेखातर रस्त्यातनं हाकलायचं, हे कुठलं कोल्हापूर?

वाघबीळ_चढ:
शब्द चुकीचा वापरला, मान्य. त्या ग्रुपमध्ये मी नव्हतो पण असतो तर त्याला तिथंच थांबवून माफी मागायला लावली असती. पण बाकीचं पटलं नाही भावा.

पहिली गोष्ट, तुम्ही म्हणताय तो रस्ता आहे, बाग नाही. तिथनं केएमटीची बस जाते, डंपर जातात, टू व्हीलर साठनं जातात, त्यांच्यावर कुणी लिहीत नाही आणि सायकल तीसनं गेली की लगेच सगळ्यांना संस्कार आठवतात. दुसरी गोष्ट, आम्ही जायचं कुठं ते सांगा. हायवेला जावा म्हणता? तिकडं ट्रक कानाजवळनं जातात. गगनबावडा रोडला जावा म्हणता? नोव्हेंबरपासनं मार्चपर्यंत त्या रस्त्यानं पहाटे जाऊन बघा एकदा, ऊसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. अंधारात ट्रॉली दिसतच नाही, जवळ गेल्यावर नुसता वास येतो. म्हणून आम्ही उजाडेपर्यंत रंकाळ्याला दोन-तीन राऊंड मारतो आणि मग पन्हाळा नाहीतर जोतिबा गाठतो.

आणि फिरायला येणारे काय साधे आहेत का, चौघं चौघं हातात हात घालून रस्त्यावर, फूटपाथ रिकामा. गेल्या वर्षी असाच एक जण कानात इअरफोन घालून, मागं न बघता रस्ता ओलांडला, त्याला वाचवायला मी ब्रेक दाबला आणि माझं कॉलरबोन मोडलं, अडीच महिने घरी. तो माणूस थांबला पण नाही. त्याच्यावर कोण धागा काढणार? "साईड" ओरडणं हीच आमची घंटी आहे, उलट घंटीपेक्षा आवाज लवकर जातो.

शालिनी_पॅलेस_आक्का:
तुमच्या कॉलरबोनचं वाईट वाटलं दादा, खरंच. पण आवाज लवकर जातो ह्याचं उत्तर देतो.

(मी बाई आहे, कोल्हापूरची आहे, आम्ही "देतो, जातो" असंच बोलतो.)

माझ्या आईचं वय ७४. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी रोज चाला म्हणून सांगितलंय, आणि घराजवळ सपाट जागा म्हणजे एवढीच. मागनं पाच-सहा पुरुष एकदम ओरडत आले की ती सरकत नाही, ती जागच्या जागी थिजते. मग मागं वळून बघायला जाते आणि तोल जातो. घंटी वाजली की ती नुसती डावीकडं होते, कारण घंटीचा अर्थ तिला लहानपणापासनं माहीत आहे. ओरडण्याचा अर्थ तिच्यासाठी काहीतरी वाईट झालं असाच आहे. मागच्या महिन्यात तिनं माझा दंड एवढा घट्ट धरला की बोटं उठलेली दिसत होती. आता ती म्हणते रविवारी नको, सोमवारी जाऊया. माझी सुट्टी रविवारी असते.

फूटपाथ रिकामा आहे म्हणता, तर एकदा हात धरून एखाद्या म्हाताऱ्या माणसाला त्यावरनं चालवून बघा. उखडलेली फरशी, मधेच लावलेल्या गाड्या. आम्ही हौसेनं खाली उतरत नाही.

दोनशे_किमी:
मी बीआरएम करतो म्हणून बोलतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही लांब पल्ल्याची राईड असते, २०० किमी साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ६०० चाळीस तासांत पूर्ण करायची. शर्यत नसते. पहिला आला शेवटचा आला असं काही नाही, वेळेत आला की झाला. अंधारात पुढं-मागं दिवा आणि अंगावर रिफ्लेक्टिव्ह जॅकेट पाहिजेच. एवढी दोनशे-तीनशे किमी जाणारी माणसं दिवा लावतात, जॅकेट घालतात आणि रंकाळ्याला तीन राऊंड मारणाऱ्याला घंटी जड होते?

खरा रोग वजनाचा आहे. आमच्या ग्रुपवर रोज कुणीतरी ह्या चाकानं दोनशे ग्रॅम कमी झालं, त्या सीटनं ऐंशी कमी झालं म्हणून फोटो टाकतंय. अरे, सायकलिंगच्या जागतिक संघटनेचा शर्यतीच्या सायकलला किमान वजनाचा नियमच ६.८ किलोचा आहे, त्याच्या खाली व्यावसायिक रायडरला पण परवानगी नाही. आणि आपण नाष्ट्याला मिसळ, वर दोन वेळा कट मागून घेणार. मी हे रागानं नाही, काळजीनं बोलतोय. नवीन पोरगा साधी गिअरची सायकल घेऊन येतो, तीन रविवार येतो, कोण त्याच्याशी बोलत नाही, सगळे आधी ग्रुपसेट, म्हणजे गिअर-ब्रेकचा संच, कुठला ते बघतात, चौथ्या रविवारी तो येत नाही. असे किती गेले मी बघितलेत. माझी पहिली २०० ची राईड लोखंडी फ्रेमवर झाली, शेवटच्या चाळीस किलोमीटरला एका अनोळखी माणसानं पुढं राहून वारा अडवला म्हणून वेळेत पोचलो. त्यानं माझी सायकल कुठली ते विचारलं नाही.

सायकलवाली_राजारामपुरी:
एक बाजू कुणीच बोलेना म्हणून लिहिते. तुच्छतेनं बघणं एकाच बाजूनं होत नाही. मी टाईट्स आणि हेल्मेट घालून निघाले की टपरीवरनं काय काय ऐकू येतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. फिरायला आलेल्या बायका पण "काय हा अवतार" म्हणतात, ऐकू जाईल असं म्हणतात. पॅडची शॉर्ट मिरवायला घालत नाही हो, दोन तास सीटवर बसून बघा, कातडी सोलते. ग्रुपमध्ये मी एवढ्यासाठी जाते की एकटीला पहाटे साडेपाचला बाहेर पडायला घरचे सोडत नाहीत आणि मलाही भीती वाटते. ग्रुप म्हणजे माज असं सरसकट म्हणू नका. त्या मामांना बोलला तो चुकला, शंभर टक्के. पण त्या आठातली एखादी माझ्यासारखी पण असेल, जी मनातनं ओशाळली असेल आणि ग्रुप सुटेल म्हणून थांबली नसेल. मी अशी एकदा थांबले नव्हते. अजून आठवतं.

कोर्टाची_पायरी:
थोडक्यात कायद्याचं. सायकलला लायसन लागत नाही म्हणून काहीच लागू होत नाही असा समज आहे, तो चूक. भारतीय न्याय संहिता, कलम २८१, म्हणजे जुनं आयपीसी २७९. सार्वजनिक रस्त्यावर जिवाला धोका होईल इतक्या बेदरकारपणे वाहन चालवणं हा गुन्हा आहे, आणि त्यात "कोणतंही वाहन" असं आहे, मोटार असा शब्द नाही. उद्या कुणाचा खुबा मोडला तर "आम्ही साईड ओरडलोवतो" हे उत्तर पुरणार नाही.

गंगावेस_ते_न्यूयॉर्क:
मी मूळचा गंगावेशीतला, आता न्यूयॉर्कला असतो. हाच वाद इथं सेंट्रल पार्कमध्ये वर्षानुवर्षं चाललाय. तिथला मोठा लूप साधारण १० किमी, २०१८ पासनं खासगी गाड्या पूर्ण बंद, म्हणजे सायकल, पळणारे, चालणारे, पोरं, कुत्री सगळे एकत्र. २०१४ मध्ये दोन महिन्यांच्या आत सायकलच्या धडकेनं दोन जण गेले. त्यानंतर त्याच वर्षी तिथली वेगमर्यादा ताशी २५ मैलांवरनं २० वर आणली, म्हणजे आपले ३२ किलोमीटर. वाघबीळ_चढ, लक्षात घ्या, एवढा रुंद रस्ता, खड्डा नाही, तरी माणसं गेली. शर्यतवाले तिथं पहाटे अंधारात येऊन जातात, उजाडून गर्दी झाली की आपणहून कमी होतात. सगळेच ऐकतात असं नाही, भांडणं रोजची आहेत. पण जोरात जायची वेळ गर्दीची नाही एवढं बहुतेकांना मान्य आहे.

वाघबीळ_चढ:
न्यूयॉर्कचं उदाहरण देऊन काय उपयोग, तिथं सायकलला वेगळी लेन आहे. आम्हाला एक पांढरा पट्टा मारून द्या, एक माणूस ओरडणार नाही. सगळा दोष सायकलवाल्याच्या डोक्यावर टाकून गाडीवाले नामानिराळे राहतात हे मला पटत नाही आणि पटणार पण नाही.

पण आक्का, तुमच्या आईचं वाचून मी दोनदा थांबलो. माझी आई पण त्याच वयाची आहे. थिजते हे मला माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं लोक मुद्दाम सरकत नाहीत.

तांबट_कमान:
पट्ट्याची मागणी करूया की, मी पहिली सही करतो. पण पट्टा येईपर्यंत गर्दीतला स्पीड आपल्याच पायात आहे ना. तीसच्या जागी पंधरानं गेलो तर धडकेचा जोर निम्मा नाही, चौथा हिस्सा होतो. टॉवरपासनं चौपाटी संपेपर्यंत पंधरा, फुलेवाडी ओलांडली की मग काय चालवायची ती चालवा. दोन-तीन मिनिटं जातील जास्तीत जास्त.

आणि सायकलवाली_राजारामपुरी, तुम्ही लिहिलं ते बरं केलंत. रविवारी मी पण मामांजवळ थांबलो ते ग्रुपमध्ये नव्हतो म्हणून सोपं गेलं.

पाना_पक्कड:
मी दुरुस्तीवाला माणूस, बोलायला उशीर झाला. खटारा म्हणता ना, त्या काळ्या सायकलीला पुढं-मागं मडगार्ड असतं, चेनला कव्हर असतं, घंटी असते, स्टँड असतो, पावसात चालते, पन्नास किलोचं पोतं नेते. माझ्याकडं लाख-सव्वा लाखाच्या सायकली येतात, त्यातली एक पण स्टँडवर उभी राहत नाही, भिंतीला टेकवावी लागते. वाईट आहेत असं नाही, त्या पळण्यासाठीच केलेल्या. पण दोन्ही सायकलींना हात लावणारा मी एकच आहे आणि माझ्या हाताला कुठली हलकी वाटली नाही, मान देण्याच्या बाबतीत.

पूर्वी रात्री दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडायचा. माझे वडील चार मैल सायकल ढकलत आलेले मला आठवतंय. परत कधी दिवा विसरले नाहीत.

वाघबीळ_चढ:
पंधराचा स्पीड मला जमणार नाही, बॅलन्सच राहत नाही असं वाटतं. वीस जमेल, चौपाटीपुरतं. पाना_पक्कड काका, माझं हँडल ३१.८ मिलिमीटर जाडीचं आहे, त्याला साधी पितळी घंटी बसते का? मागं एकदा बघितलेलं, क्लॅम्प लहान पडला.

पाना_पक्कड:
मधे जाड आहे तिथं नाही बसणार, साधी घंटी २२.२ ची असते. रबराच्या पट्ट्याची घ्या, ती ३१.८ ला ओढून बसते, स्टेमच्या, म्हणजे हँडल मधे धरणाऱ्या तुकड्याच्या, शेजारी लावा म्हणजे अंगठा पोचतो. आणि कार्बनचं हँडल असेल तर स्क्रूवाली आवळू नका, चिरतं. सायकल घेऊन या, बसवून देतो.