मदत हवी आहे : दोन वर्षांनी मल्लखांब वर्ग पुन्हा मैदानावर, सुरुवात कशी करावी?

मार्च २०२० पासून मंडळाचा वर्ग बंद होता. मधल्या काळात मुलांनी मोबाइलसमोर सूर्यनमस्कार, जोर-बैठका घातल्या. सोमवारपासून ८ ते १४ वयाची वीस मुलं येणार आहेत. पुरलेला सागवानी खांब, एक सुती दोरी, सहा गाद्या. साहित्य आहे तसं वापरावं का? पहिल्या दिवशी अढी (उलटं होऊन पायांनी खांब पकडणं) द्यावी का?

प्रतिसाद १
आधी खांबाचं बूड बघा. लाकूड कुजतं ते जमिनीलगत, वर चकचकीत दिसत असलं तरी. माती वीतभर उकरा आणि पेचकस टोचून बघा. आत शिरला किंवा खांब ढकलल्यावर हलला, तर वर्ग थांबवा. खांबाला लावलेल्या जुन्या एरंडेलावर धूळ बसून चिकट थर झाला असेल. तो कोरड्या फडक्याने पुसा, बारीक पॉलिश पेपर फिरवा, मग तेलाचा हात लावा. हात लावायचा, थापायचं नाही. जास्त तेलाने पकड सुटते.

दोरीचा पीळ जागोजागी उलगडून आत बघा. काळे डाग, कुबट वास किंवा तुटके धागे दिसले की ती दोरी बाद. वरच्या कडीपाशी ती सगळ्यात आधी झिजते, तिथे शिडी लावून बघा. गादीवर मूठ दाबा. खालची जमीन लागली तर स्पंज बसलाय.

प्रतिसाद २
अढी पहिल्या दिवशी नको. स्नायूंची ताकद लवकर परत येते, सांधे आणि स्नायुबंध मागे राहतात. तळहात, मांड्या आणि पायाच्या अंगठ्याजवळची कातडी मऊ झालेली असते, ती लगेच सोलवटते. पहिले दोन आठवडे जोर, रांगणं आणि १० सेकंद लटकणं, पाच वेळा. तिसऱ्या आठवड्यात सलामी आणि साधी अढी. कोविडनंतर दम लागतो, छातीत दुखतं किंवा धडधडतं, अशा मुलांना डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय चढवू नका.

धागाकर्ता
मोठ्या मुली दसरंग (अढीच्या पुढचा, उलटं होण्याचा प्रकार) सफाईने करायच्या. त्यांनाही दोन आठवडे खालीच?

प्रतिसाद २
त्यांना तर नक्कीच, ताई. १२ ची मुलगी आता १४ ची आहे. उंची, वजन दोन्ही वाढलंय, पण मनातला अंदाज जुनाच. उलटं होताना पाय नेहमीच्या जागी बसत नाही आणि ती डोक्याकडून घसरते. चढवाल तेव्हा दोन्ही बाजूंना एकेक जण उभा ठेवा. पूर्वी गादी जिथे पुरायची, त्याच्या हातभर पुढेही एक टाका.