नव्या आराधना-गीतांनी तरुणांची फक्त आवड बदलते आहे की भक्तीही?

तापीखोरे (नंदुरबार)

प्रभूमध्ये सलाम. आमची ख्रिस्ती मंडळी (चर्च) नवापूर तालुक्यातल्या एका गावात आहे आणि तरुण संघाचे काम सध्या माझ्याकडे आहे. गेल्या काही वर्षांत रविवारच्या उपासनेतली गाणी जवळजवळ सगळी बदलली. पेटी आणि ढोलक कोपऱ्यात गेली, त्यांच्या जागी कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि प्रोजेक्टर आले, आणि ‘उपासना संगीत’ हे जुने गीतपुस्तक आता फक्त वडीलधाऱ्यांच्या पिशवीत दिसते. तरुण मुले यूट्यूबवरून गाणी निवडतात. त्यांतली काही हिंदी असतात, काही इंग्रजी. जी मराठी असतात त्यांचीही बांधणी सिडनी किंवा कॅलिफोर्नियाच्या गाण्यांवरून घेतलेली असते.

यावर मंडळीत वाद होतो तो ठरलेला. एक बाजू म्हणते हा गोंगाट आहे, दुसरी म्हणते तुम्हाला नवे काही खपत नाही. आवडीनिवडीच्या या वादात मला रस नाही. मला खटकते ते वेगळेच आहे. प्रार्थना सुरू झाली की कीबोर्डवाला खाली मंद सूर धरून ठेवतो आणि ‘आमेन’ होईपर्यंत सोडत नाही. आमच्याकडे वीज वरचेवर जाते. ज्या रविवारी ती जाते त्या रविवारी वचन तेच, पाळक (पास्टर) तेच, प्रार्थनाही तीच असते. पण बाहेर पडताना मुले म्हणतात की आज उपासनेत काही झालेच नाही. देवाची उपस्थिती आणि स्पीकरमधला सूर यांची मुलांच्या मनात अशी सांगड बसली असेल, तर बदल फक्त गाण्यांत झाला असे मानायचे का? जाणकारांनी कृपया लिहावे.

पेटीमास्तर (भुसावळ)

सलाम. तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवले आहे, परंतु उत्तराकडे जाण्याआधी एक गोष्ट नोंदवतो. आपण ज्याला आज ‘आपले जुने’ म्हणतो तेही एकेकाळी नवेच होते. मिशनच्या काळात इंग्रजी चालींवर बसवलेली मराठी गीते म्हटली जात. तेव्हाच्या अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगाची आणि भजनाची वाट मंडळीला इतकी मोकळी करून दिली की परक्या चालींची सक्ती आपोआप सैल झाली. ‘मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो’, असे टिळक सांगत. त्यामुळे परदेशी चाल आली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. आपण ती पूर्वीही पचवली आहे.

आताचा फरक मला चालीत दिसत नाही, गाणे कशासाठी बनले यात दिसतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या हिप्पी तरुणांत ‘जीझस मूव्हमेंट’ ही ख्रिस्ती चळवळ पसरली. तिच्यातले गायक लॅरी नॉर्मन यांचा रॉक संगीतातला अल्बम १९६९ साली निघाला, तेव्हा अनेक मंडळ्यांनी नाके मुरडली. १९७१ साली कोस्टा मेसा येथील कॅल्व्हरी चॅपल या मंडळीतून ‘मॅरानाथा म्युझिक’ ही ध्वनिमुद्रण संस्था निघाली. तेथून दोन धारा वेगळ्या वाहिल्या. एक ऐकण्याची, म्हणजे रेडिओची, कॅसेटची, कार्यक्रमांची. तिच्यातल्या गायिका एमी ग्रँट १९९१ साली एका साध्या प्रेमगीताने अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचल्या, आणि त्यावरून इव्हँजेलिकल वर्तुळात बरीच कुरबूर झाली. दुसरी धारा सर्वांनी मिळून म्हणण्याची, जी अमेरिकेतल्या व्हिनयार्ड मंडळ्यांनी आणि १९८३ साली सिडनीत सुरू झालेल्या हिलसाँग मंडळीने वाढवली.

पुढे या धारा एकमेकींत मिसळल्या, आणि माझ्या मते गोम इथेच आहे. गाणे उपासनेतले, पण ध्वनिमुद्रण, प्रकाशयोजना, गायकाचा आवाज हे सारे ऐकणाऱ्यासाठी घडवलेले. पहिले कडवे खालच्या सप्तकात पुटपुटल्यासारखे. मग तेच सूर एकदम एक सप्तक वर. शेवटी दोन ओळी पुन्हा पुन्हा, प्रत्येक फेरीला ड्रम थोडा अधिक. हजारोंच्या सभागृहात या बांधणीचा जो परिणाम होतो, तोच पत्र्याच्या छपराखालच्या आपल्या मंडळीत व्हावा अशी मुलांची अपेक्षा असते. तो झाला नाही की ‘काही झालेच नाही’. तुमचा कीबोर्डचा मंद सूर याच घडणीतला आहे.

आणखी एक माहिती विचार करण्याजोगी आहे. अमेरिकेत २०१० ते २०२० या काळात मंडळ्यांत सर्वाधिक गाइल्या गेलेल्या गीतांच्या याद्या अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा अग्रभागी असलेल्या ३८ गीतांपैकी ३६ गीतांचा संबंध चारच मोठ्या मंडळ्यांशी निघाला: हिलसाँग, बेथेल, पॅशन आणि एलिव्हेशन. सिडनी, रेडिंग, अटलांटा आणि शार्लट येथल्या या मंडळ्यांचा अनुभव म्हणजेच तरुणांचा अनुभव, असे जगभर होऊ लागले आहे. यात कोणाचा कट नाही; यूट्यूब पुढचे गाणे सुचवतो तेच आपण वाजवतो.

रंगावली (नवापूर)

पेटीमास्तर काकांनी इतिहास चांगला मांडला, पण त्यात आमची बाजू अर्धीच आली. मी आमच्या मंडळीत कीबोर्ड वाजवते.

‘आपले जुने’ नेमके कोणाचे? पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक आले आणि आमच्या पाड्यांवर उपासना सुरू झाली, तेव्हा जे मराठी पुस्तक हातात आले ते नगर-पुण्याच्या मराठीतले होते. माझ्या आजीची भाषा मावची. तिला ती गीते तोंडपाठ होती, पण त्यांतल्या निम्म्या ओळींचा अर्थ तिला कोणी समजावून सांगितला नव्हता. तेव्हा परकेपणाचा हिशेब मांडायचाच तर तो पहिल्या पानापासून मांडावा.

दुसरे असे की वाद्ये आणि माईक पूर्वी पुरुषांकडेच असत. गाणी मोबाईलवर आली, ती वाजवायची कशी तेही मोबाईलवरच शिकता आले, आणि कोणाची परवानगी न मागता आमच्यासारख्या मुली पुढे आल्या. सुरतेला कामाला गेलेला आमच्या गावचा मुलगा तिथल्या हिंदी उपासनेत पहिल्याच रविवारी परका राहत नाही, कारण गाणे त्याच्या ओळखीचे असते. ही काही लहान गोष्ट नव्हे.

आमच्याकडे मुले नुसती नक्कल करत नाहीत, हेही लिहायला हवे. लग्नात वाजते त्या टिमलीच्या ठेक्यावर मावची आणि कोकणी (इथल्या कोकणा आदिवासींच्या) बोलीत येशूची गाणी बांधली जात आहेत. त्यांना नाके मुरडणारे वडीलधारेच आहेत. म्हणतात, हा ठेका नाचाचा आहे. परदेशी नको आणि आमचेही नको, मग गायचे काय?

तरीही एका जागी मी तुमच्या बाजूची आहे. गावात मयत झाली की रात्रभर घराच्या ओट्यावर बसून गायचे असते. तिथे वीज, कीबोर्ड, पडदा काहीच नसते, आणि आम्हा तरुणांना त्या प्रसंगी म्हणता येईल असे एकही नवे गाणे पूर्ण पाठ नसते. सगळी विजयाची, उचंबळून येण्याची. मग कोणीतरी म्हातारी जुने गीत उचलते आणि आम्ही तिच्या मागून ओळी ओढत जातो. दुःखाची, दुष्काळाची, पेरणीची, ऊसतोडीला निघालेल्या घराची गाणी या नव्या साठ्यात का नाहीत, हा माझाही प्रश्न आहे.

साक्रीकर

मी पाळक आहे, थोडक्यात लिहितो. उपदेश मंगळवारपर्यंत विसरला जातो, गाणे वर्षभर तोंडात राहते. म्हणून तरुणांचा धर्मविचार व्यासपीठावरून कमी आणि गाण्यांतून जास्त घडतो. वर्षभरात म्हटलेल्या गीतांची यादी एकदा काढून पाहा. आमच्याकडे स्तुती भरपूर निघाली, पापाची कबुली जवळपास नव्हती, शेजाऱ्याबद्दल एकही ओळ नव्हती. ठेका टिमलीचा असला तरी मला चालेल, यादी मात्र भरून काढायला हवी.

तापीखोरे (नंदुरबार)

सर्वांचे आभार. रंगावली ताई, मयतीचा मुद्दा मला सुचला नव्हता आणि तो सर्वांत जड आहे. पाळकसाहेबांची यादी आम्ही तरुण संघातच काढू, म्हणजे ती वडीलधाऱ्यांनी लादली असे कोणी म्हणणार नाही. विजेबद्दल मात्र अजून विचारतो: महिन्यातला एक रविवार मुद्दामच वाद्यांशिवाय ठेवला तर मुले दुरावतील का?

पेटीमास्तर (भुसावळ)

रंगावली ताईंचे म्हणणे रास्त आहे. नगरच्या मराठीचा मुद्दा आम्हा रेल्वे कॉलनीतल्या लोकांच्या ध्यानात सहसा येत नाही.

वाद्यांशिवाय रविवार ठेवण्याचा प्रयोग याच प्रवाहातल्या लोकांनी करून पाहिला आहे. इंग्लंडमध्ये वॉटफर्ड येथील सोल सर्व्हायव्हर ही तरुणांची मंडळी. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या पाळकांनी काही काळ बँड आणि ध्वनियंत्रणा पूर्ण बंद ठेवली, कारण लोक उपासनेला येतात की कार्यक्रमाला, हेच कळेनासे झाले होते. सुरुवातीला अवघड शांतता असे, मग लोक स्वतः गाऊ लागले. वाद्ये नंतर परत आली. मुलांना हे आधी सांगा, म्हणजे ती शिक्षा वाटणार नाही.

मात्र वाद्ये असतील त्या रविवारी पट्टीकडे लक्ष द्यावे. माझ्या अनुभवात अर्धे भांडण तिथेच मिटते. यूट्यूबवरची बरीच गाणी उंच आवाजाच्या पुरुष गायकाच्या सोयीने पांढरी सात (पेटीवर ‘सा’पासून मोजलेली सातवी पांढरी) वगैरे पट्टीत असतात, आणि सोबतचा तयार वाद्यसंगीताचा ट्रॅक त्याच पट्टीत मिळतो म्हणून आपली मुले तीच धरतात. मग वरच्या सप्तकात गेल्यावर बायका गप्प होतात, म्हातारे पुस्तक मिटतात, आणि पुढे उभे असलेले चौघेच गातात. सर्वांनी म्हणायच्या गाण्यात सर्वांत वरचा सूर पांढरी दोन, फार तर काळी दोन. पांढरी सातमधले गाणे वर काळी तीनपर्यंत जात असेल तर ते ट्रान्सपोजचे बटण दाबून काळ्या-पांढऱ्या मिळून चार सूर खाली, पांढरी पाचमध्ये आणावे. वरचा सूर बरोबर पांढरी दोनवर येतो. पहिले कडवे त्यामुळे फार खाली गेले तर ते सुरुवातीपासूनच वरच्या सप्तकात म्हणावे आणि मधली उडी वगळावी. परिणाम थोडा कमी होईल, पण मागच्या बाकावरच्या बायकांचा आवाज ऐकू येऊ लागेल. ट्रॅक मात्र बंद ठेवावा लागेल, कारण तो ढोलकवाल्यासाठी थांबत नाही.

रंगावली (नवापूर)

ट्रॅक बंद करायला आम्ही तयार आहोत काका, पण मग ढोलकवाल्या दादांनाही सरावाला यावे लागेल. शनिवारी संध्याकाळी सात वाजता.